गुरूही तोच, शिष्यही तोच

गिटार शिकायची असेल तर शिक्षकाकडे जावे, की आपली आपणच शिकावी? मित्रांनो, ज्यांना गिटारचा नाद लागला आहे त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. होस्टेलमध्ये त्यावरून दोन पक्ष पडतात. एक पक्ष सांगतो की गुरूशिवाय विद्या नाही. दुसरा पक्ष सांगतो की मोठमोठे वादक कोणाच्याही क्लासला गेले नाहीत, बोटे सोलेपर्यंत वाजवत राहिले आणि शिकले. हा दुसरा पक्ष पुरावा म्हणून जी नावे देतो त्यांत सर्वांत भारी नाव आहे आंद्रेस सेगोव्हिया यांचे. त्यांच्या लहानपणी ज्या वाद्याला मोठ्या सभागृहात मान नव्हता, ते त्यांनी जगातल्या नामांकित सभागृहांत नेले, आणि त्यांना गिटारचा नियमित शिक्षक कधी मिळाला नाही. पण त्यांचे चरित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले तर दोन्ही पक्षांना थोडे थांबून विचार करावा लागतो. म्हणून या वर्षीच्या मराठी पानासाठी मी हेच चरित्र निवडले.

आंद्रेसचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी दक्षिण स्पेनमधल्या लिनारेस या गावी झाला. हे गाव शिशाच्या खाणींसाठी ओळखले जाई. अगदी लहानपणीच आईवडिलांनी त्याला नात्यातल्या एका जोडप्याकडे, व्हियाकारिलो नावाच्या गावी ठेवले. आपण होस्टेलवर आलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचे तरी होतो. आंद्रेस त्याहून खूपच लहान होता. घरचे निघून गेल्यावर तो रडू लागला. तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या गृहस्थांनी त्याला समोर बसवले, हातात गिटार असल्याचे सोंग केले, रिकाम्या हवेत बोटे फिरवली आणि ठेक्यात गाणे म्हटले. मग मुलाचा हात धरून त्यालाही तसेच करायला लावले. त्याचे रडणे थांबले. म्हातारपणी आठवणी लिहिताना सेगोव्हियांनी हा प्रसंग संगीताचा पहिला संस्कार म्हणून सांगितला आहे. या थोर वादकाची पहिली गिटार लाकडाची नव्हती आणि तिला तारही नव्हती.

मुलाला सुरांची ओढ आहे हे पाहून त्याला गावातल्या एका शिक्षकाकडे व्हायोलिन शिकायला घातले. म्हणजे शिक्षक लावून शिकण्याचा मार्ग त्याच्या घरच्यांनी आधी वापरून पाहिला होता. पण हे गुरुजी तापट होते. मुलाचा ठेका चुकला की ते त्याला चिमटा काढत. धडा सुरू झाला की आंद्रेसचे लक्ष सुरांकडे न राहता त्या बोटांकडे जाई. थोड्याच दिवसांत तो इतका घाबरला की घरच्यांनी शिकवणी बंद केली. या मुलाला संगीताचे अंग नाही, असेच त्या गुरुजींचे मत झाले होते. गुरूशिवाय विद्या नाही असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. शिक्षक असणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला शिक्षक वाट दाखवतो, पण वाईट शिक्षक दार कायमचे लावूनही घेऊ शकतो.

मग एक दिवस गावात एक भटका गिटारवाला आला. तो फ्लामेंको वाजवत असे. फ्लामेंको ही स्पेनच्या त्या भागातली नाचगाण्याची जुनी शैली. त्याने तारांवर सगळी बोटे एकदम झटकली तेव्हा तो आवाज ऐकून आंद्रेस आधी दचकला, आणि मग त्या आवाजाच्या प्रेमातच पडला. गिटारवाल्याला काही दिवस आसरा मिळाला आणि त्या बदल्यात तो मुलाला शिकवू लागला. दीड महिन्यात त्याच्याजवळ जे होते ते सगळे आंद्रेसने घेतले. ते फार नव्हते. त्या गरीब माणसाला नोटेशन वाचता येत नव्हते आणि बोटांचे शास्त्र माहीत नव्हते. पण त्याने मुलाच्या हातात वाद्य दिले आणि त्याला भीती घातली नाही. सेगोव्हियांच्या आयुष्यात गिटार शिकवणी म्हणावी अशी जवळजवळ एवढीच.

दहा वर्षांच्या आसपास तो पुढच्या शिक्षणासाठी ग्रानादा शहरात आला. डोंगरावर अल्हांब्राचा लाल राजवाडा असलेले हे शहर. इथे त्याने एका कारागिराकडून गिटार मिळवली आणि शाळेच्या पुस्तकांपेक्षा तिच्याकडे जास्त लक्ष देऊ लागला. घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. आज आपल्याला याचे आश्चर्य वाटेल, पण त्या काळी स्पेनमध्ये गिटार म्हणजे दारूच्या गुत्त्यात किंवा जत्रेत वाजवायचे वाद्य अशी समजूत होती. शिकलेल्या घरातल्या मुलाने पियानो शिकावा, व्हायोलिन शिकावे. गिटार हातात दिसली की पोरगे वाया गेले असे मानत. संगीतशाळांमध्ये पियानोला जी जागा होती ती गिटारला नव्हती.

गिटारवर गंभीर संगीत वाजवणारी माणसे होती, पण थोडीच. त्यांतले सर्वांत मोठे नाव फ्रान्सिस्को तारेगा. ते दूर बार्सिलोनाला राहत होते. ग्रानादा ते बार्सिलोना हे अंतर त्या काळच्या एका शाळकरी मुलासाठी फार होते. डिसेंबर १९०९ मध्ये तारेगा वारले आणि त्यांच्याकडून शिकण्याची शक्यता संपली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सेगोव्हियांनी शिक्षक नाकारून एकट्याने शिकण्याचा मार्ग निवडला असे आपण म्हणतो, पण निवड करायला दोन मार्ग लागतात. आंद्रेससमोर एकच मार्ग होता. एकतर आपले आपण शिकायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

तो शिकला कसा? त्याने पहिले काम केले ते नोटेशन वाचायला शिकण्याचे. हेही त्याने पुस्तकांवरून केले. आपल्यातले बहुतेक गिटारवाले नेमके हेच टाळतात, कारण त्यात मजा नाही. पण नोटेशन वाचता येऊ लागल्यावर शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेले वादकही त्याला शिकवू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर्नांदो सोर आणि माउरो ज्युलियानी यांनी गिटारसाठी उत्तम रचना आणि अभ्यासाचे पाठ लिहून ठेवले होते. ते कागद त्याने शोधून काढले. तारेगांच्या रचनाही त्याने कागदावरून वाजवल्या. जे शिक्षक समोर येऊ शकत नव्हते ते कागदावरून आले. महाभारतातल्या एकलव्यानेही धनुष्य उचलण्याआधी समोर मातीची मूर्ती उभी केली होती. एकट्याने शिकणाऱ्यालाही समोर कोणीतरी लागते.

दुसरे काम अधिक कठीण होते, ते हाताचे. याचा अंदाज आपल्याला ड्रिलवरून येईल. सावधानमध्ये उभे असताना आपल्याला वाटत असते की अंगठा पँटच्या शिवणीवर अगदी बरोबर आहे. तो तिथे नाही, हे मागून येणाऱ्या उस्तादांनाच दिसते. गिटारचेही तसेच आहे. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे कुठे आहे, उजवे मनगट किती वाकले आहे, खांदा वर चढला आहे का, हे वाजवणाऱ्याला दिसत नाही. कान सुरांत गुंतलेला असतो आणि डोळे पट्ट्यांवर असतात. चुकीची सवय एकदा हातात बसली की ती काढायला शिकण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आंद्रेसला उस्ताद नव्हते, म्हणून उस्तादांचे काम त्याने स्वतःकडे घेतले. पियानो शिकणारे बोटांसाठी कसे व्यायाम करतात हे त्याने पाहिले आणि त्या धर्तीवर गिटारसाठी व्यायाम तयार केले. एका बोटाचा सूर दुसऱ्यापेक्षा कच्चा आला की ते बोट वेगळे काढून त्याच्याकडून मेहनत करून घेतली. त्याची बोटे जाड होती. गिटारच्या तारा जवळजवळ असतात, तेव्हा अशी बोटे अडचणीचीच. पण याच बोटांतून पुढे जो भरीव, गोल आवाज निघाला त्यासाठी लोक जगभर तिकिटे काढू लागले. या सगळ्यात त्याचा एक नियम दिसतो. शिष्य म्हणून तो उत्साही होता, पण त्याच्यातला शिक्षक त्या उत्साहावर खूश होत नसे. काल जमले म्हणून आज सोडून दे, असे तो शिक्षक कधी म्हणत नसे.

सन १९०९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ग्रानादामध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. इथून पुढे त्यांना अहो-जाहो म्हणायला हवे. मग ते दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया, कोर्दोबा अशा शहरांत वाजवू लागले. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते राजधानी माद्रिदला गेले. तिथे मोठा कार्यक्रम करायचा तर चांगली गिटार हवी होती आणि खिशात तेवढे पैसे नव्हते. मानुएल रामिरेस हे तिथले नावाजलेले वाद्यकारागीर. सेगोव्हिया त्यांच्या कार्यशाळेत गेले आणि एका कार्यक्रमापुरती गिटार भाड्याने मिळेल का असे त्यांनी विचारले. पियानो भाड्याने मिळतो तर गिटार का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कारागिरांना गंमत वाटली. त्यांनी एक उत्तम गिटार वाजवून पाहायला दिली. सेगोव्हिया वाजवू लागले आणि कार्यशाळेतले काम थांबले. तिथे व्हायोलिनचे एक प्राध्यापकही बसले होते. हा तरुण अधिक प्रतिष्ठेच्या वाद्याकडे वळला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. रामिरेस यांनी मात्र ती गिटार पैसे न घेता देऊन टाकली. १९१२ साली बनलेली ती गिटार सेगोव्हियांनी पुढे पंचवीस वर्षे वापरली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

आता त्यांच्या आयुष्यातला असा भाग येतो, जो आपली आपण शिका म्हणणारे सहसा सांगत नाहीत. १९१५ च्या सुमारास सेगोव्हिया बार्सिलोनाला गेले. तिथे त्यांची ओळख मिगेल ल्योबेत यांच्याशी झाली. ल्योबेत हे तारेगांचे शिष्य, सेगोव्हियांपेक्षा वयाने पंधरा वर्षांनी मोठे आणि आधीच परदेशांत गाजलेले. दोघांचे येणेजाणे वाढले. ल्योबेत वाजवत आणि सेगोव्हिया समोर बसून ऐकत, पाहत. स्पॅनिश संगीतकार ग्रानादोस यांच्या रचना ल्योबेत यांनी गिटारवर आणल्या होत्या. त्या सेगोव्हियांनी त्यांच्याकडून थेट उचलल्या. एक मोठा वादक हाताला काय करतो, एक सूर संपताना दुसरा कसा जोडतो, हे कागदावर लिहिलेले नसते. ते वीतभर अंतरावर बसूनच कळते.

पुढे सेगोव्हियांनी आपण ल्योबेत यांचे विद्यार्थी असल्याचे मानले नाही. गिटारमध्ये आपणच आपले गुरू आणि आपणच आपले शिष्य, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. गिटारचा इतिहास लिहिणाऱ्या जाणकारांना मात्र त्यांच्या वादनात तारेगांच्या परंपरेच्या खुणा दिसतात आणि त्या ल्योबेत यांच्याकडून आल्या असे ते मानतात. मला वाटते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फी भरून, वेळ ठरवून ते कोणाकडे गेले नाहीत. पण वयाच्या बाविसाव्या वर्षी, नाव होऊ लागले असताना, स्वतःपेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसासमोर ते ऐकत बसले. ही गोष्ट एकट्याने केलेल्या रियाजापेक्षा कमी कठीण नाही.

ऐकले म्हणून सगळे जसेच्या तसे घेतले असेही नाही. तारेगा आपल्या अखेरच्या वर्षांत उजव्या हाताची नखे न वापरता नुसत्या बोटांच्या टोकांनी तार छेडत. त्यामुळे आवाज मऊ होतो. ल्योबेत नखे वापरत. त्यामुळे आवाज स्पष्ट आणि दूरवर जाणारा होतो. त्या काळच्या गिटारवाल्यांत यावरून मोठा वाद होता. सेगोव्हियांनी नख आणि बोटाचे मांस दोन्ही एकत्र वापरले, म्हणजे मऊपणाही मिळाला आणि मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाजही पोहोचला. जे ऐकू येते त्यावरून निर्णय करणे ही सवय त्यांना एकट्याने शिकण्यातून लागली होती. शिक्षकाने सांगितले म्हणून करणाऱ्याला ही सवय वेगळी लावून घ्यावी लागते.

यानंतरची वाटचाल झपाट्याची आहे. १९२४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये वाजवले, १९२७ मध्ये त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि जानेवारी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. ते मायक्रोफोन वापरत नसत. हजार-दोन हजार लोकांनी शांत बसून एका हळू आवाजाच्या वाद्याकडे कान द्यावा, अशी त्यांची अपेक्षा असे आणि लोक तसे करत. पण वाजवायला नवे संगीत हवे होते. जुन्या रचना मोजक्या होत्या. म्हणून त्यांनी संगीतकारांना गिटारसाठी लिहायला लावले. स्पेनचे तोर्रोबा, मेक्सिकोचे पोन्से, ब्राझीलचे व्हिया-लोबोस, इटलीचे कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी त्यांच्यासाठी रचना केल्या. लहानपणापासून अंध असलेले होआकिन रोद्रिगो यांनी १९५४ मध्ये गिटार आणि वाद्यवृंदासाठी त्यांना एक मोठी रचना लिहून दिली. जगातले गिटारवादक आज ज्या रचना परीक्षेला वाजवतात त्यांतल्या कितीतरी या प्रयत्नातून आल्या आहेत.

सन १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी बाख यांची शाकोन ही रचना गिटारवर वाजवली. ती मुळात एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली आहे आणि व्हायोलिनवादकांच्या दृष्टीने तिच्यापेक्षा अवघड शिखर क्वचितच असेल. जाणकारांना ती गिटारवर पेलेल असे वाटत नव्हते, पण ती पेलली. व्हायोलिनच्या शिकवणीतून चिमटे खाऊन बाहेर पडलेला मुलगा बेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिनचे शिखर गिटार घेऊन चढला.

याच काळात एका कारागिराचीही गोष्ट घडत होती. जर्मनीचे हेर्मान हाउसर यांनी सेगोव्हियांची रामिरेस गिटार १९२४ मध्ये पाहिली, तिची मापे घेतली आणि तशी गिटार बनवायला घेतली. ते दर वेळी नवी गिटार दाखवत आणि सेगोव्हिया ती वाजवून काय कमी आहे ते सांगत. असे बारा-तेरा वर्षे चालले. १९३७ साली बनवलेली गिटार मात्र सेगोव्हियांनी हातात घेतली आणि पुढे पंचवीस वर्षे तीच वाजवली. हाउसर निष्णात होते, हत्यारे त्यांची होती, मेहनत त्यांची होती. तरी त्या गिटारला पूर्णत्व यायला दुसऱ्या कोणाचा तरी कडक कान लागला. स्वतः शिकणे आणि दुसऱ्याकडून तपासून घेणे यांचे नाते याहून चांगले सांगता येणार नाही.

सन १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि सेगोव्हियांना देश सोडावा लागला. पुढची बरीच वर्षे ते दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ इथे राहिले. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले. तोपर्यंत गिटारच्या वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्यापासून बनवत. युद्धात तेच आतडे जखमा शिवण्यासाठी लागू लागले आणि तारा मिळेनाशा झाल्या. ज्या नायलॉनची युद्धात पॅराशूट बनत होती, त्याच नायलॉनपासून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी युद्धानंतर तारा बनवल्या. सेगोव्हियांनी त्या वाजवून पाहिल्या, सूचना केल्या आणि आपलेसे केले. आज आपल्या म्युझिक रूममधल्या क्लासिकल गिटारवर ज्या नायलॉनच्या तारा आहेत त्यांचा उगम इथे आहे.

आता सर्वांत विचार करण्यासारखा भाग. ज्यांनी आयुष्यभर स्वतःला शिक्षकाविना शिकलेला म्हटले, ते स्वतः शिक्षक झाले. १९५० पासून इटलीतल्या सिएना शहरात आणि १९५८ पासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथे ते उन्हाळ्यात वर्ग घेऊ लागले. व्हेनेझुएलाचे अलिरियो दियास, ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स असे पुढे नामवंत झालेले वादक सिएनात शिकले. मी एकटा शिकलो तर तुम्हीही एकटे शिका, असा धडा त्यांनी कोणाला दिला नाही. १९५३ मध्ये त्यांनी स्केलचे, म्हणजे आपल्याकडच्या सरगमीसारख्या अभ्यासाचे, एक लहानसे पुस्तक काढले. कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा हे त्यात नेमून दिले आहे. जे शोधायला त्यांना वर्षे लागली ते त्यांनी पुढच्यांना काही पानांत देऊन टाकले.

पण शिक्षक म्हणून ते अतिशय कडक होते. आपण ठरवलेली बोटे विद्यार्थ्याने बदलली तर ते त्यांना खपत नसे. भर वर्गात ते विद्यार्थ्याला थांबवत. ज्या माणसाने कोणाचे न ऐकता स्वतःची बोटे स्वतः ठरवली, तो विद्यार्थ्याला तेवढी मोकळीक देत नव्हता. जॉन विल्यम्स यांनी पुढे या पद्धतीवर उघडपणे टीका केली. तरुणपणी आपल्यातल्या शिष्याला कडक वागवता वागवता त्यांच्यातला शिक्षक इतका बळावला की इतरांच्या शिष्यपणालाही जागा उरली नाही, असे मला वाटते. थोर माणसाच्या चरित्रात अशी बाजू लपवायचे कारण नाही. तीही आपल्याला काही शिकवते.

सेगोव्हियांनी म्हातारपणीही रियाज सोडला नाही. नव्वदी ओलांडल्यावरही ते कार्यक्रम करत होते. १९८१ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना सालोब्रेन्याचे मार्किस ही सरदारकी दिली. ज्या वाद्यामुळे पोरगे वाया गेले असे घरच्यांना वाटले होते, त्याच वाद्याने त्यांना सरदार केले. २ जून १९८७ रोजी माद्रिदमध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तर मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? पहिली गोष्ट म्हणजे एकट्याने शिकणे स्वस्त नाही. त्यात फी लागत नाही, पण वेळ लागतो. चांगला शिक्षक एका संध्याकाळी जे सांगेल ते शोधायला महिना जाऊ शकतो. सेगोव्हियांकडे तो वेळ होता. शाळेचा अभ्यास मागे टाकून त्यांनी तो काढला होता. आपल्याकडे पहाटेच्या पीटीपासून रात्री लाइट्स आउटपर्यंत मोकळा वेळ म्हणजे हॉबी क्लबचा तास आणि रविवारची दुपार. इतक्या कमी वेळात चुकीच्या सवयी लावून घेणे आपल्याला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षक लावला म्हणून आपल्यातला शिक्षक झोपून चालत नाही. क्लासचा एक तास संपला की आठवड्याचे बाकीचे सगळे तास आपण एकटेच असतो. उस्ताद परेड ग्राउंडवर असतात, पण रात्री आरशासमोर सलामी तपासणारा कॅडेट स्वतःचाच उस्ताद असतो. जो हे करत नाही त्याला कोणताही क्लास उपयोगी पडत नाही.

होस्टेलमध्ये राहणाऱ्यांची एक खास अडचण आहे. आमचे बँडचे सर ट्रंपेट आणि ड्रम उत्तम शिकवतात, पण गिटारला शिक्षक नाही. घरी शिक्षक मिळेल, पण घरी आपण वर्षातून दोनदाच जातो. त्यामुळे हा किंवा तो, अशी निवड आपल्यापुढे खरे तर नाहीच. मी ठरवले आहे ते असे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत घराजवळच्या शिक्षकांकडे जायचे आणि गाण्यांची घाई न करता फक्त बसणे, मनगट, अंगठा आणि नोटेशन एवढेच शिकायचे, म्हणजे जे मला स्वतःला दिसत नाही तेवढे. मग शाळेत परत आल्यावर पाच महिने आपले आपण. दर रविवारी एका मित्राला समोर बसवून माझा खांदा चढतो का ते पाहायला सांगायचे. त्याला गिटार येत नाही, पण ड्रिलमुळे वाकडे काय आणि सरळ काय हे त्याला चांगले कळते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा सुट्टीत गिटारच्या क्लासचे नाव काढेल तेव्हा दोन महिन्यांत काय होणार असे म्हणू नका. त्या भटक्या गिटारवाल्याने दीड महिनाच शिकवले होते. फक्त शिक्षक निवडताना एवढे पाहा की तो चिमटे काढणारा नसावा.